केंद्र सरकारला शिलकी अर्थसंकल्पाची सक्ती करावी का?

प्रश्न असा आहे: घर आपण मिळकतीत चालवतो, आमच्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी शिलकी असतं, मग केंद्र सरकारलाच कर्ज काढून खर्च करायची मुभा कशासाठी? खर्च जमेइतकाच ठेवायचा अशी सक्ती सरळ राज्यघटनेतच का घालत नाहीत? विचारणारा विद्यार्थी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात याचं उत्तर दोन ओळींत मिळालं, म्हणून त्याला समाधान झालं नाही.

मी एकतीस वर्षं राज्याच्या लेखा आणि कोषागाराच्या कामात काढली. आधी जिल्ह्यांतली कोषागारं, नंतर अर्थसंकल्पाचे अंदाज बांधण्याचं काम. त्या अनुभवावरून माझं मत असं की, दरवर्षी जमाखर्च बरोबरीत आणण्याची सक्ती करू नये. पण आज जेवढं मोकळं सोडलंय तेवढंही सोडू नये. रोजचा खर्च कर्जातून भागवायचा नाही आणि केलेला खर्च वहीबाहेर ठेवायचा नाही, या दोन गोष्टींची सक्ती जरूर करावी. आता या मतापर्यंत कसा आलो ते सांगतो.

नगरपालिकेपासूनच सुरुवात करू, कारण तो दाखला तुम्हीच दिलाय. फेब्रुवारी-मार्च आला की पेपरात बातम्या येतात, ‘नगरपरिषदेचा इतक्या लाखांचा शिलकी अर्थसंकल्प सादर’. स्थानिक संस्थांना तुटीचं अंदाजपत्रक मांडता येत नाही, त्यामुळे ते शिलकीच असणार. शिल्लक कशी निघते ते लेखा विभागात बसल्यावर कळतं. खर्चाची यादी आधी ठरते, कारण प्रत्येक प्रभागाला काहीतरी द्यायचं असतं. मग जमेची बाजू तिच्या मापाने शिवली जाते. घरपट्टी-पाणीपट्टीची जुनी थकबाकी सगळी वसूल होणार असं धरतात, शासनाकडून न मंजूर झालेलं अनुदान येणार असं धरतात, गाळ्यांचा लिलाव याच वर्षी होणार असं धरतात. बेरीज जुळते, सभागृह मंजुरी देतं. वर्ष सरताना जमा निम्म्यावर अडकलेली असते. मग पाणीपुरवठा योजनेचं वीजबिल थकतं, सफाई कामगारांचा पगार महिना-दीड महिना मागे पडतो, ठेकेदाराच्या फायली टेबलावर साचतात. कागदावर मात्र कायद्याचा भंग झालेला नसतो.

सक्ती अंदाजावर होती, म्हणून अंदाज जुळला. खर्च उत्पन्नात बसवायची सवय काही तिथे लागली नाही.

हेच वरच्या पातळीवर कसं घडतं हे मी पहिल्यांदा एका ३१ मार्चच्या रात्री पाहिलं. नोकरीची तिसरी-चौथी वर्षं असतील. कोषागारात सकाळपासून निरनिराळ्या कार्यालयांची माणसं देयकांचे गठ्ठे घेऊन रांगेत उभी. संध्याकाळी सहानंतर गर्दी वाढली, कारण प्रत्येकाला निधी व्यपगत व्हायच्या, म्हणजे वर्ष संपताच हातचा जायच्या, आत खर्ची टाकायचा होता. शासकीय व्यवहारासाठी बँकेची शाखा उशिरापर्यंत उघडी ठेवलेली. चहाच्या किटल्या फिरत होत्या, टोकनचे पितळी बिल्ले टेबलावर वाजत होते. साडेआठच्या सुमाराला वरून फोन आला. बांधकामाची देयकं आता पुढे सरकवू नका, पगार आणि पेन्शन तेवढं बघा. लेखी काहीच नाही. मग आमच्या लेखापालांनी बांधकामाची देयकं एकेक काढून त्यांवर हरकती लिहायला सुरुवात केली. एकावर मोजमाप पुस्तिकेच्या उताऱ्यावर सही अस्पष्ट, एकावर तांत्रिक मंजुरीची प्रत जोडलेली नाही, एकावर शीर्षाचा सांकेतांक तपासावा. सगळ्या हरकती खऱ्या होत्या आणि एरवी कुणीही त्या काढल्या नसत्या.

त्या गठ्ठ्यात एका गावच्या शाळेच्या दोन खोल्यांचं देयक होतं. ठेकेदार स्वतः आला होता, भिंतीला टेकून उभा. ‘साहेब, पोरं बसतात हो त्या खोल्यांत दिवाळीपासून,’ एवढंच म्हणाला. त्याचे पैसे पुढच्या वर्षाच्या ऑगस्टात निघाले. खोल्या बांधून झाल्या होत्या, सिमेंट-वाळूचे पैसे त्याने सावकाराकडून आणून भरले होते, पण शासनाच्या त्या वर्षाच्या हिशेबात त्या खोल्या नव्हत्या. आपल्याकडे सरकारी हिशेब रोखीच्या तत्त्वावर चालतो, म्हणजे पैसे प्रत्यक्ष दिले तरच खर्च. न दिलेलं देणं हिशेबात दिसत नाही. त्या वर्षी तूट ठरल्यापेक्षा कमी आली आणि त्याबद्दल समाधानही व्यक्त झालं. ती कमी झालेली तूट त्या ठेकेदाराने व्याज भरून पेलली होती.

तेव्हापासून तुटीचा आकडा समोर आला की माझा पहिला प्रश्न असतो, हा आकडा गाठायला कोण थांबलंय?

आता केंद्राकडे येऊ. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये आणि कर्ज सोडून इतर सगळी जमा ३४.९६ लाख कोटी. मधलं अंतर सुमारे १५.६९ लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के. यालाच राजकोषीय तूट म्हणतात. समजा घटनेत सक्ती आली आणि नवा कर न लावता हे अंतर एका वर्षात मिटवायचं ठरलं. व्याजाचे १२.७६ लाख कोटी द्यावेच लागतात, ते थकवले तर देश दिवाळखोर. भांडवली खर्च, म्हणजे रस्ते, रेल्वे, संरक्षण सामग्री, सगळं मिळून ११.२१ लाख कोटी. ते सगळं शून्यावर आणलं तरी साडेचार लाख कोटी उरतात. संरक्षण मंत्रालयाचा पेन्शनसह पूर्ण वर्षाचा खर्च ६.८१ लाख कोटी आहे, यावरून त्या साडेचार लाख कोटींचा आवाका लक्षात यावा.

यावर कुणी म्हणेल, एका वर्षात नको, दहा वर्षांत हळूहळू करा. ठीक. पण सक्ती खरी कसाला लागते ती वाईट वर्षात. २०२०-२१ आठवा. केंद्राचा प्रत्यक्ष खर्च झाला ३५.१० लाख कोटी आणि कर्ज सोडून जमा होती १६.९ लाख कोटींच्या आसपास. अर्ध्याहून जास्त खर्च उसन्या पैशावर चालला, तूट ९.२ टक्क्यांवर गेली. जमेतून व्याजाचे ६.८० लाख कोटी वजा केले तर हातात दहा लाख कोटी उरत होते. तेवढ्यात सैन्य, पगार, पेन्शन, खतं, ऐंशी कोटी लोकांचं मोफत धान्य आणि पुढे लस. बरोबरीची सक्ती असती तर त्या वर्षी धान्य थांबवावं लागलं असतं किंवा पगार. मंदीत कर आपोआप घटतो, लोकांची गरज आपोआप वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी हात आखडा म्हणणारा कायदा मंदी आणखी खोल करतो. एवढ्या एका कारणासाठी मी दरवर्षीच्या बरोबरीच्या विरोधात आहे, आणि त्याबाबत माझ्या मनात किंतु नाही.

दुसरं कारण घराच्या उपमेतच आहे. आपण घर मिळकतीत चालवतो हे अर्धंच खरं. किराणा मिळकतीत भरतो, घर मात्र वीस वर्षांच्या कर्जावर घेतो, आणि त्यात काही वाईट नाही कारण वीस वर्षं त्या घरात राहतो. शिवाय माणूस साठीला निवृत्त होतो, बँक तोवर कर्ज फेडून घेते. देश निवृत्त होत नाही. समजा कर्ज जीडीपीच्या ५६ टक्के आहे आणि चालू किमतींनी, म्हणजे महागाई धरून, जीडीपी वर्षाला दहा टक्क्यांनी वाढतोय. मग तूट ५.१ टक्के असली तरी कर्जाचं जीडीपीशी प्रमाण आहे तिथेच राहतं. त्याखाली तूट आली की ते उतरायला लागतं. शून्याची गरज कुठेच पडत नाही. तुमच्या आईवडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, एलआयसीची पॉलिसी, बँकेतली ठेव, यांचा मोठा भाग सरकारी रोख्यांतच, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांतच, गुंतवलेला असतो हेही विसरू नका.

म्हणजे कर्ज हा मूळ रोग नाही. मूळ रोग आहे महसुली तूट. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, म्हणजे दरवर्षी येणारे आणि मागे मालमत्ता न ठेवणारे खर्च जेव्हा करांच्या उत्पन्नात भागत नाहीत आणि त्यासाठीही रोखे काढावे लागतात, ती महसुली तूट. किराणा उधारीवर आणायचा आणि उधारी फेडायला दुसऱ्या दुकानातून उधारी करायची, अशी ही अवस्था. २०२५-२६ च्या अंदाजात ती ५.२४ लाख कोटी, दीड टक्का आहे. वर सांगितलेलं व्याज म्हणजे शंभर रुपयांच्या महसुली जमेतले सदतीस रुपये. ते सदतीस रुपये मागच्या पिढीच्या किराण्याचेही आहेत.

आपल्याकडे सक्तीचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. घटनेच्या २९२ व्या कलमात केंद्राच्या कर्जावर संसदेने कायद्याने मर्यादा घालण्याची सोय पहिल्यापासून आहे. संविधान सभेत १९४९ साली या तरतुदीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, संसद ही जबाबदारी गांभीर्याने घेऊन असे कायदे करील, अशी स्पष्ट अपेक्षा व्यक्त केली होती. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिलेल्या माणसाची ती अपेक्षा होती, भाबडी आशा नव्हती. तो कायदा यायला २००३ उजाडलं.

वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन, आम्ही सगळे त्याला एफआरबीएमच म्हणायचो. विधेयक डिसेंबर २००० मध्ये मांडलं गेलं, कायदा २००३ मध्ये झाला, अंमल जुलै २००४ पासून. उद्दिष्टं दोन. राजकोषीय तूट ३ टक्के, आणि महसुली तूट शून्य. शून्याची मुदत आधी मार्च २००८, मग एक वर्ष वाढवून मार्च २००९. दुसरं उद्दिष्ट वाचून आम्हाला किती बरं वाटलं होतं! कारण आजाराच्या नावासकट औषध लिहिलं होतं.

सुरुवातीला गाडी छान चालली. अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांनी वाढत होती, कर भरभरून येत होता. २००७-०८ मध्ये राजकोषीय तूट अडीच टक्क्यांवर आली, महसुली तूट १.१ वर. पण त्याच काळात पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस स्वस्त ठेवण्याचा बोजा तेल कंपन्यांना रोख न देता सरकार रोख्यांत देत होतं. खत कंपन्यांनाही तसेच रोखे. या रोख्यांची मुद्दल रक्कम तुटीत धरली जात नव्हती. कोषागारातल्या त्या रात्रीच्या हरकतींचंच हे मोठं रूप. २०१४ साली तेल रोख्यांची १.३ लाख कोटींहून जास्त रक्कम देणं बाकी होती आणि फेड २०२५-२६ पर्यंत चालली. २००६ साली स्वस्तात मिळालेल्या सिलिंडरचं बिल तेव्हा पाळण्यात असलेल्या मुलांनी आता कर भरायला लागल्यावर चुकतं केलं.

मग २००८-०९. अंदाज अडीच टक्क्यांचा, प्रत्यक्षात सहा. जगभरची मंदी हे कारण सांगितलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. पण शेतकरी कर्जमाफी आणि सहाव्या वेतन आयोगाचे निर्णय सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडण्याआधीचे आहेत. ते योग्य होते का, हा वेगळा विषय. मुद्दा एवढाच की त्यांच्यासाठी पैसा कुठून येणार हे निर्णयासोबत ठरवलं नव्हतं आणि कायद्याने तसं विचारलंही नव्हतं. कायद्यात उद्दिष्ट चुकलं तर शिक्षा एकच, अर्थमंत्र्यांनी संसदेत कारण सांगायचं.

पुढे २०१२ मध्ये ‘प्रभावी महसुली तूट’ ही नवी संज्ञा कायद्यात आली. केंद्र राज्यांना मालमत्ता उभारायला जे अनुदान देतं ते महसुली खर्चातून वजा करायचं. तर्क बरोबर आहे, गावातला रस्ता केंद्राच्या पैशाने झाला तरी तो रस्ताच असतो. २०१६ मध्ये एफआरबीएमचा फेरविचार करायला एन. के. सिंग समिती नेमली गेली, तिने कर्जाच्या प्रमाणाला केंद्रस्थानी ठेवायला सांगितलं. आणि २०१८ च्या दुरुस्तीत महसुली तुटीचं उद्दिष्टच कायद्यातून काढून टाकलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी चूक ती. त्याच दुरुस्तीने केंद्राचं कर्ज मार्च २०२५ अखेर जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आणायचं ठरवलं होतं. ती तारीख आली तेव्हा कर्ज ५५ टक्क्यांच्या वर होतं. आता सरकारने २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांच्या आसपास आणायचं जाहीर केलंय.

जाता जाता ३ टक्क्यांबद्दल. हा आकडा आकाशातून पडल्यासारखा सगळीकडे वापरतात. युरोपात तो १९८१ च्या फ्रान्समधून आला. राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या सरकारला खात्यांच्या मागण्या थोपवायला सोपा आकडा हवा होता आणि अर्थखात्यातल्या गी अबेय या तरुण अधिकाऱ्याने सहकाऱ्याबरोबर तो घाईत काढून दिला, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. आपल्याकडे त्याला थोडा आधार दिला गेला. घराघरांची वित्तीय बचत जीडीपीच्या दहा टक्के, तीतून केंद्र आणि राज्यांनी मिळून सहा टक्के उचलावी, उरलेली उद्योगांना राहावी, असा हिशेब. २०२२-२३ मध्ये हीच निव्वळ बचत पाच टक्क्यांच्या आसपास घसरली होती. ज्या पायावर सहा टक्के उभे होते तो निम्म्यावर आला, आणि यावर आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही याचं मला वाईट वाटतं.

मग सक्ती कधीच चालत नाही का? चालते. एक चाललेली आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे.

१९५५ पासून केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँकेत एक व्यवस्था होती. दर शुक्रवारी कामकाज संपताना सरकारच्या खात्यात किमान पन्नास कोटी शिल्लक हवी. ती त्याखाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप तदर्थ ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या नावची अल्पमुदतीची कर्जपत्रं, तयार करून खातं भरून काढी. अर्ज नाही, परवानगी नाही, संसदेत चर्चा नाही. सोप्या भाषेत, नवा पैसा छापला जाई. ही सोय झाली तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगडचे. एवढ्या काटेकोर माणसाच्या कारकिर्दीत, हंगामी अडचणीसाठी सुरू झालेली सोय पुढे चाळीस वर्षं अंगवळणी पडली. तूट भरून काढण्याचं ते कायमचं साधन झालं आणि महागाईच्या रूपाने तिची वसुली प्रत्येक घरातून होत राहिली.

सप्टेंबर १९९४ मध्ये मनमोहनसिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना करार झाला. आधी तदर्थ बिलांवर मर्यादा, मग तीन वर्षांत ती बंद. एप्रिल १९९७ पासून ती गेली आणि त्यांच्या जागी ठरावीक मर्यादेची, ठरावीक मुदतीची उचल आली. २००६ पासून एफआरबीएमनेच रिझर्व्ह बँकेला सरकारचे नवे रोखे थेट घ्यायला मनाई केली. २०२० च्या संकटात थेट नोटा छापा म्हणून सगळीकडून दबाव होता. बँकेने बाजारातून रोखे भरपूर विकत घेतले, पण सरकारकडून थेट घेतले नाहीत. ती भिंत टिकली.

एफआरबीएमचा आकडा वाकला आणि ही भिंत टिकली, असं का? माझं उत्तर, आकडा हा वर्षाच्या शेवटी दिसतो, तोवर शंभर निर्णय होऊन गेलेले असतात आणि हाती उरतो तो फक्त हिशेब फिरवण्याचा मार्ग. तदर्थ बिलांच्या बाबतीत मात्र नळच बंद केला. सरकारला पैसा हवा असेल तर बाजारात जा, व्याजदर ऐका, मग ठरवा. निर्णयाच्या क्षणीच किंमत समोर उभी राहते.

अमेरिकेचा अनुभव हेच सांगतो. १९८५ मध्ये तिथे ग्रॅम-रुडमन-हॉलिंग्ज कायदा झाला, १९९१ पर्यंत तूट शून्य करायची आणि चुकलं तर सरसकट कपात. १९९१ मध्ये तूट २६९ अब्ज डॉलर होती. मधल्या काळात १९९० साली त्यांनी पद्धत बदलली. करात नवी सूट द्यायची किंवा हक्काचा नवा खर्च वाढवायचा असेल तर तेवढीच भरपाई दुसरीकडून आधी दाखवा. १९९५ मध्ये बरोबरीची सक्ती घटनेत घालण्याची दुरुस्ती प्रतिनिधीगृहात ३०० विरुद्ध १३२ मतांनी मंजूर झाली आणि सिनेटमध्ये एका मताने हुकली. तरी १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं तिथे शिल्लक पडली. तेजीने हात दिला हे खरंच, पण भरपाईच्या नियमाने त्या तेजीचा पैसा नव्या आश्वासनांत वाहून जाऊ दिला नाही. २००२ मध्ये तो नियम संपू दिला, तूट परत आली.

आणि यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. तुमच्या घरात कुणी नोकरीत असेल तर त्यांचं पगारपत्रक बघा. महिना दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम, म्हणजे खर्चाला वरची मर्यादाच नाही. तेव्हाच्या सरकारने १९७५ मध्ये शहरांतल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला, तो या योजनेसाठी, आणि आपलाही वाटा घातला. हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, म्हणजे पैशाचा झरा आधी, हक्क नंतर. मुंबईतल्या कारकुनाने नगर-बीडच्या मजुराची मजुरी भरली आणि दोघांनाही ते माहीत होतं. आपल्या महाराष्ट्राने केलेल्या या कामाचा मला अभिमान वाटतो. २०२४ मध्ये राज्याने महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणारी योजना आणली, तेव्हा वार्षिक खर्च ४६ हजार कोटी सांगितला गेला. बहिणींच्या हाती पैसा जावा याला माझा विरोध नाही. तिच्यासोबत असा एखादा नावानिशी झरा जोडला असता तर त्या बहिणींनाही दरमहा हप्त्याची काळजी राहिली नसती.

घटनेतच कडक आकडा घातला तर काय होतं ते जर्मनीत दिसलं. २००९ मध्ये त्यांनी संघराज्याची संरचनात्मक तूट, म्हणजे तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी तूट, जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांवर बांधली. कर्ज उतरलं, पण पूल, रेल्वे मागे पडले. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनमधला कारोला पूल मध्यरात्री कोसळला. त्याच्या पोलादातला गंज फार जुना होता, त्यामुळे दोष एकट्या कर्जबंदीला देणं अन्यायाचं होईल. पण तिथल्या लोकांना आपण कशाची बचत केली हे त्या दिवशी दिसलं. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने करोनासाठी मंजूर झालेलं ६० अब्ज युरोंचं कर्ज दुसऱ्या निधीत फिरवण्याचा निर्णय रद्द केला, वर्षभरात सरकार पडलं, आणि मार्च २०२५ मध्ये घटना बदलून संरक्षणाला सूट आणि पायाभूत कामांना ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी द्यावा लागला. स्वित्झर्लंडमध्ये २००३ पासूनचा नियम मात्र टिकला. तो खर्चाला कमाल मर्यादा घालतो, मंदीत सैल होतो, आणि जास्तीचा खर्च वेगळ्या खात्यावर नोंदून पुढच्या वर्षांत फेडायला लावतो. त्या वेगळ्या खात्याची कल्पना मला फार आवडते. आपल्याकडे चुकलेलं उद्दिष्ट दुरुस्तीत विरघळतं, तिथे ते देणं म्हणून वहीत राहतं.

तर तुमच्या प्रश्नाला माझं नेमकं उत्तर असं. महसुली तुटीचं शून्य कायद्यात परत आणा, मात्र एका वर्षाचं नको, पाच वर्षांच्या सरासरीचं, म्हणजे दुष्काळ किंवा महामारीत श्वास घ्यायला जागा राहील. नव्या सवलतीच्या आणि नव्या हक्काच्या प्रत्येक विधेयकासोबत पैसा कुठून येणार याचं विवरण सक्तीचं करा. सरकारच्या वतीने महामंडळांनी काढलेलं कर्ज आणि ३१ मार्चला अडकलेली देयकं हे दोन्ही तुटीच्या आकड्याशेजारी त्याच पानावर छापा. आणि हे अंदाज तपासायला सरकारबाहेरची वित्तीय परिषद नेमा. वित्त आयोगांनी ती सुचवली, एन. के. सिंग समितीने सुचवली, अजून झालेली नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. शिक्षकाचा पगार, आरोग्यसेविकेचं मानधन हाही महसुली खर्चच, मग त्यावर बंधन घालून फक्त सिमेंटला मोकळीक द्यायची का? मुळीच नाही. शिक्षकाचा पगार दरवर्षी द्यायचा आहे, म्हणूनच तो दरवर्षीच्या करातून यायला हवा. कर्जातून आला तर व्याज वाढतं आणि पुढच्या कपातीत पहिली गदा शिक्षक भरतीवरच येते. रिक्त पदांचे प्रस्ताव ‘निधीअभावी’ असा शेरा मारून परत गेलेले मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत.

हिशेब उघड केला की तूट वाढलेली दिसते, ही भीतीही बाळगू नका. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात अन्न महामंडळाला अल्पबचतीतून दिलेली कर्जं सरकारने आपल्या अंगावर घेतली. त्या वर्षीचं अन्न अनुदान मूळ अंदाजातल्या १.१५ लाख कोटींवरून सुधारित अंदाजात ४.२२ लाख कोटींवर गेलं. अनेक वर्षं महालेखापरीक्षक हेच सांगत होते. तूट एका रात्रीत फुगलेली दिसली, बाजार कोसळला नाही, रोखे विकले गेले, आणि पुढच्या वर्षांचे आकडे जास्त विश्वासाने वाचले जाऊ लागले.

पुढच्या १ फेब्रुवारीला भाषण संपलं की ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ ही पुस्तिका उघडा. राजकोषीय तुटीची मोठी ओळ सगळे वाचतात, तुम्ही तिच्याजवळची महसुली तुटीची ओळ आधी वाचा. मग खर्चाच्या तपशिलातलं अर्थसंकल्पबाह्य साधनांचं, म्हणजे अंदाजपत्रकाबाहेर उभारलेल्या कर्जाचं, विवरण शोधा. ते दोन आकडे वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या वर्षी प्रत्यक्ष आकडे आले की शेजारी लिहा. काही अडलं तर परत विचारा, मी उत्तर देईन.